कालची चपाती आधी

महाळुंगे
६ जानेवारी २०२५

प्रिय अंजलीस,
सप्रेम जय भीम.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी एक वाक्य म्हणतो, तू चार म्हणतेस, मग माझं डोकं सटकतं. दिवाळीत तेच झालं आणि मी तुझा नंबर ब्लॉक केला. तो मी इतक्यात उघडणार नाही, हे आधीच सांगतो. पण काम तुझ्याशीच पडलंय, म्हणून कागद घेतला. चिमाजी रोज सकाळी पिंपरीच्या मंडईतून आईच्या खानावळीची भाजी टेम्पोत घालून आणतो. त्याच्याच हाती हे पाठवतोय, उत्तरही त्याच्याच हाती दे. पत्रात निदान मध्येच तोंड घालता येत नाही.

मी प्रेसशॉपमध्ये क्रेनवर आहे हे तुला माहीत आहे. डाय, म्हणजे पत्रा दाबायचा लोखंडी साचा, उचलून प्रेसच्या खड्ड्यात बसवायचा. हत्ती परवडला असं त्याचं वजन. माझ्या केबिनमधून खड्डा दिसत नाही, मधे खांब येतो. इतकी वर्षं गणराज काठावर उभा राहून हाताने खुणा करायचा आणि गळ्यातली शिट्टी फुंकायचा. एक शिट्टी म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड. गणराज म्हणजे पिंपळे गुरवचा तोच, ज्याच्या लग्नात आपण दोघं जिलेब्या वाढत होतो आणि तू निम्म्या खाल्ल्यास. गणपतीनंतर कंपनीने खड्ड्यावर कॅमेरा लावला आणि माझ्यापुढे पडदा बसवला. खुणा करायचं कामच काढून टाकलं. आता गणराज खड्ड्यात उतरतो, डाय ज्यांच्यावर बसते त्या पिना सरळ करतो, वर येतो. पडद्यावर खड्डा रिकामा दिसला की मी डाय खाली सोडतो.

अंजे, हा पडदा मागे राहतो. सारखा नाही, पण राहतो. गणराज वर येऊन हात पुसत उभा असतो आणि पडद्यात अजून आतच बसलेला दिसतो. तेवढं चालेल, मी थांबेन. पण उलटं झालं तर? तो आत उतरलेला असेल आणि पडदा मला रिकामा खड्डा दाखवत असेल तर?

आमच्या शिफ्टच्या साहेबांना, सुजित साहेबांना, सांगून बघितलं. ते म्हणाले, माल नवा कोरा आहे, पास होऊन आलाय, तू किडे काढू नकोस. तू कॅमेऱ्याच्याच लाइनमध्ये आहेस. हे कुठल्या गाढवाने बनवलंय आणि त्याला काय सांगायचं, तेवढं लिही.

तुझा,
प्रितमदादा


संत तुकाराम नगर, पिंपरी
८ जानेवारी

प्रिय दादा,
जय भीम.

तो गाढव मी.

तुमच्या प्रेसशॉपचा कॅमेरा आमच्या कंपनीचा आहे आणि त्याचा ड्रायव्हर मी लिहिलाय, एकटीने. उचकी लागली होती ती तुझ्यामुळेच असणार. आता रागावून का होईना, पण समजून घे. कॅमेरा एकामागून एक फोटो काढत सुटतो, त्यातल्या एकेकाला आम्ही फ्रेम म्हणतो. कॅमेरा आणि पडदा यांच्या मधे बसून ज्या फ्रेम्स येतील त्या घ्यायच्या आणि पुढे सरकवायच्या, हे काम करणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. पडद्याला घ्यायला उशीर झाला तर तोवर फ्रेम्स ठेवायला जागा लागते, तिला बफर म्हणतात. तुमच्याकडे आधी ज्यांचा माल बघायला आणला होता, त्यांचा बफर एवढासा होता. फ्रेम्स गळायच्या, चित्र तुटायचं. म्हणून तुमच्याच कंपनीने आम्हाला अट घातली की एकही फ्रेम गळता कामा नये.

मी नाही गळू दिली. बफर ऐसपैस ठेवला, आलेली प्रत्येक फ्रेम रांगेत, आधी आलेली आधी पुढे. परीक्षेला तुमचे साहेब आले होते, दिवसभर चालवून बघितलं, एक फ्रेम वाया गेली नाही. तुझ्या आईच्या, कस्तुराआत्याच्या हाताखाली वाढलेल्या पोरीने दुसरं काय केलं असतं? ताटात शीत राहिलं तर ती आपल्याला उठू द्यायची का?

तेव्हा पडदा मागे राहतो वगैरे मला पटत नाही. तू डबल शिफ्ट करतोस, झोप नाही, आणि चाळिशी जवळ आली. पुढच्या चौकात डोळ्यांचा डॉक्टर आहे. चष्मा लागला म्हणून कोणी क्रेनवरून उतरवत नाही.

आत्याला नमस्कार. नंबर उघडला नाहीस तरी चालेल.

अंजली


महाळुंगे
१० जानेवारी

अंजली,

डोळे तपासून आलो. चष्मा नाही. पावती जपून ठेवली आहे, हवी तर पाठवतो.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली. तू आईला सांगशील आणि आई जेवण सोडेल, म्हणून लपवली. गेल्या महिन्यात पडद्यावर खड्डा रिकामा होता आणि मी डाय सोडायला घेतली. अर्ध्यात आली तेव्हा खालून शिट्टी ऐकू आली. एक शिट्टी. माझा हात आपोआप थांबला, डोकं नंतर थांबलं. गणराज आत गुडघ्यावर बसलेला होता. पडद्यात तो त्यानंतर उतरताना दिसला. समजलं का तुला? डाय त्याच्या डोक्यावर लटकत होती आणि पडद्यात तो आत्ता शिडीवर पाय ठेवत होता. त्याने शिट्टी टाकून दिली असती तर मी तुला हे पत्र येरवड्यातून लिहिलं असतं.

आम्ही दोघांनी हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर आधी आमच्यावरच शेकेल. मग परवा आम्ही आमच्यापुरती परीक्षा घेतली. डाय नव्हती, खड्डा मोकळा होता. गणराजला म्हटलं, शिट्टी मारायची आणि त्याच क्षणी हात वर करायचा. शिट्टी आली. मी पडद्याकडे बघत बसलो. चहाचा एक घोट गिळावा एवढा वेळ गेला आणि मग पडद्यातल्या गणराजने हात वर केला. तो घोट माझ्या घशात अजून अडकलाय.

तू शिकलीस याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. पण एकही फ्रेम वाया गेली नाही, हे तू गणराजच्या बायकोला जाऊन सांग. मी आता लिहिणार नाही.

प्रितम


संत तुकाराम नगर
१२ जानेवारी

दादा,

तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. तू हे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतंस. रागावले आहे, पण तो राग बाजूला ठेवते.

काल आख्खा दिवस तसाच कॅमेरा, तसाच पडदा टेबलावर मांडून बसले. तोंडाने शिट्टी मारत होते आणि हात वर करत होते. ऑफिसची पोरं हसत होती. शिट्टी आणि हात एकदमच, एकदाही मागे नाही. म्हणजे तुमच्याकडे असं काहीतरी होतंय जे माझ्याकडे होत नाही. मला ते शोधायचंय. चित्र सकाळपासून मागे असतं की मधेच बिघडतं? बिघडण्याआधी तुम्ही काय केलेलं असतं? एवढंच लिही. माझ्यावर राग धर, पण हे लिही.

आमच्या विजयश्री मॅडमना, म्हणजे कंपनीच्या मालकिणींना, सांगितलं. त्या म्हणाल्या, लेखी तक्रार आली आहे का? नाही ना, मग पास झालेल्या मालाला हात लावायचा नाही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कारखान्याचे लोक हाच कॅमेरा बघायला येणार आहेत.

गणराज खड्ड्यात असताना काळजी घे. लिहिताना समजतंय की हे वाक्य किती पोकळ आहे.

अंजली


महाळुंगे
१७ जानेवारी

अंजे पोरी,

जय भीम. तुझी कस्तुराआत्या लिहिते. अक्षर बघून हसू नको, म्हाताऱ्यांच्या वर्गात शिकलेली हाय मी.

तुमच्या दोघांचं काय चाललंय ते मला कुनी सांगत न्हाई. प्रितम जेवत न्हाई नीट. कामावरनं येतो, भिताडाकडं तोंड करून पडतो. तुझं पत्र उशीखाली ठेवलंय, पर लिव्हायला बसत न्हाई. काल तर ताटावरनं उठला. कशापायी, तर चपातीपायी. संक्रांतीला कंपन्या बंद, खानावळीत जेवायला कुनी आलं न्हाई, चपात्यांची चवड उरली. गिऱ्हाइकाला मी शिळं देत न्हाई, तुला ठाव हाय. घरात आमी खातो. कालच्या आधी संपवायच्या, मग आजच्या, ह्यो माझा नेम. तर प्रितम म्हनला, आई, तू रोज ताज्या लाटतीस आन मला रोज शिळीच का गं? मी म्हनलं, आरं, कालच्या संपल्याशिवाय आजची कशी देऊ? तो म्हनला, मंग जल्मभर शिळीच खायची का, आन ताट सारून उठला. एका सणाच्या उरल्या त्या, तवापासनं रोज एक दिस मागंच चाललोय आमी. त्याचं बी खरं हाय, पर अन्न फेकवत न्हाई माझ्यानं.

तू काय ते त्याचं काम बघ. त्याच्या हातात देऊन खाली एक ओळ लिव्हायला लावते.

तुझी आत्या

सकाळी पडदा चालू केला की चांगला असतो. चहाच्या सुट्टीआधी उत्पादनाचे आकडे भरायचं पान त्याच पडद्यावर उघडतो. ते बंद करून चित्रावर आलो की मागे पडलेला असतो. मग दिवसभर मागेच. प्रि.


संत तुकाराम नगर
१८ जानेवारी

दादा, दादा, दादा!

सापडलं. आत्याच्या चवडीत सापडलं. ती चपाती मी फ्रेम करून भिंतीला लावणार आहे.

ऐक. तू आकड्यांचं पान उघडतोस, तेवढा वेळ पडदा माझ्याकडून चित्र घेत नाही. कॅमेरा थोडाच थांबतो, तो देतच राहतो. माझा ड्रायव्हर शहाण्या सुनेसारखा एकूण एक फ्रेम रांगेत ठेवतो. बफर भरला की नव्या आलेल्यांना दारातूनच परत पाठवतो, पण जुन्या सांभाळतो. तू चित्रावर परत येतोस. आता पडदा मागतो आणि मी देते, पण कोणती? सगळ्यात जुनी. कालची चपाती आधी! पडदा एक संपवेपर्यंत कॅमेरा एक नवी आणून ठेवतो, म्हणजे चवड कमी होतच नाही. एकदा उरलं की कायमचं शिळं. ताजं रोज होतंय आणि ताटात कधीच येत नाही.

माझ्या टेबलावर मी कधी ते पान उघडलंच नव्हतं. माझ्याकडे कुठलं उत्पादन आणि कुठले आकडे! आणि वर मी तुला चष्मा लावायला निघाले होते.

ड्रायव्हर बदलायला मॅडमची परवानगी लागेल, ती मी आज ना उद्या काढतेच. तोवर साधा उपाय आहे. आकडे भरून झाले की पडदा पूर्ण बंद करून पुन्हा चालू कर. बंद झाला की रांग रिकामी होते. मग चित्र ताजं असेल, अगदी तव्यावरचं. बिनधास्त काम कर.

आत्याला सांग, उरलेल्या चपात्यांचा कुस्करा कर आणि मोकळी हो.

अंजली


संत तुकाराम नगर
१९ जानेवारी

दादा,

कालच्या पत्रातलं ऐकू नको.

आज तुमच्या पडद्याचा प्रोग्राम मागवून नीट बघितला. आकड्यांचं पान तू उघडतोस तेवढंच उघडत नाही. एक डाय बसली की ते आपणहून समोर येतं, ‘ठीक’ दाबेपर्यंत थांबतं आणि जातं. तुझ्या लक्षातही येत नसेल. पण तेवढ्यातही मागे रांग भरते. म्हणजे पडदा बंद करून चालू केलास तरी पहिली डाय बसेपर्यंतच ताजा, दुसऱ्या डायला पुन्हा शिळा. त्यावर विश्वास ठेवायचाच नाही. गणराज खड्ड्याच्या आसपास असेल तोवर डायला हात लावू नको, मग साहेब ओरडोत. गणराजला वर काठावर उभा कर आणि शिट्टीवर काम करा.

मॅडमशी आज भांडण झालं. पाहुणे येऊन जाईपर्यंत तोंड उघडायचं नाही असं त्यांनी बजावलंय. मला उद्या-परवा इथून हलता येत नाही. तुला फोन लागत नाही, दुसऱ्याच्या फोनवरून केला तर अनोळखी नंबर तू उचलत नाहीस, आणि आत्याचा फोन नेहमीसारखा बंद. चिमाजीच्या घरी जाऊन हे त्याच्या बायकोच्या हातात देते, म्हणजे उद्या सकाळी शिफ्टच्या आधी तुला मिळेल.

हे पत्र मिळालं की लगेच आत्याच्या फोनवरून मला कळव.

अंजली


महाळुंगे
२२ जानेवारी

अंजली,

चिमाजीचा टेम्पो गॅरेजला होता. तुझी दोन्ही पत्रं काल एकदम आली, भाजीच्या करंड्यात, कोथिंबिरीखाली. मी शिफ्टला निघालो होतो. पाकिटावरच्या तारखा बघितल्या आणि जसं कुणीही करेल तसं आधीचं आधी उघडलं. वाचून इतका आनंद झाला की उभ्या उभ्या नाचलो. बस येऊन थांबली होती. दुसरं खिशात घातलं, म्हटलं यात आता मॅडमच्या चहाड्या असतील, जेवणाच्या सुट्टीत वाचू.

तू सांगितलंस तसं केलं. आकडे भरले, पडदा बंद केला, चालू केला. गणराजने हात हलवला, चित्रात लगेच हलला. आम्ही दोघं हसलो. मी त्याला वरून ओरडून म्हणालो, आपल्या अंजीने केलं रे! पहिली डाय बसली. ते पान आपोआप आलं, मी ‘ठीक’ दाबलं, गेलं. मी ते पान उघडलं असं मला वाटलंच नाही, रोज येतं ते.

दुसरी डाय. गणराज खड्ड्यातून वर आला, त्याची हातोडी खाली राहिली होती म्हणून परत उतरला. पडद्यात तो फक्त वर आला. खड्डा रिकामा दिसला, मी सोडली. बिनधास्त सोडली, अंजे. शिट्टी झाली, हात थांबला, पण या वेळी उशीर झाला होता. डायचा कोपरा त्याच्या पायावर होता. बुटाच्या टोकाला लोखंड असतं म्हणून पाय राहिला. बोटं मोडली आहेत, प्लॅस्टर घातलंय. डॉक्टर म्हणतात चालेल, पण वेळ लागेल.

तुझं दुसरं पत्र मी दवाखान्याच्या बाकड्यावर बसून वाचलं.

मला घरी बसवलंय, चौकशी लावली आहे. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग वेगळं साठवतात, त्यात वेळेसकट सगळं स्वच्छ आहे. डाय खाली येताना गणराज खड्ड्यात दिसतोय. सुजित साहेब म्हणाले, माणूस धडधडीत दिसत होता आणि तू सोडलीस, आता काय बोलायचंय? मी काय बोलणार? मला जे दिसत होतं ते कुठेच साठवलेलं नाही. गणराजची बायको दवाखान्यात आली, माझ्याकडे बघितलं आणि मान वळवली. नोकरी गेली तर जाऊ दे, पण मी बघून सोडली असं लोक म्हणणार.

प्रितम


संत तुकाराम नगर
२४ जानेवारी

दादा,

नोकरी जाणार नाही आणि नावही जाणार नाही. तू काही कबूल करू नकोस, कशावर सही करू नकोस.

काल मी तुमच्या कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना माझ्या नावाने लेखी कळवलं. ड्रायव्हर माझा, चूक त्याच्यात आहे, रेकॉर्डिंगमध्ये जे दिसतं ते क्रेनवाल्याला त्या क्षणी दिसत नव्हतं. दुसऱ्या कारखान्याच्या लोकांसमोर मॅडमनी मला काही विचारलं तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं. मॅडमचा चेहरा पांढरा पडला. आता त्या माझ्याशी बोलत नाहीत, माझा कॅमेरा तेवढा काढून घेतला होता तो तासाभराने परत दिला. बहुतेक तोवर त्यांनी स्वतः ते पान उघडून बघितलं असावं.

नवा ड्रायव्हर लिहायला घेतलाय. त्यात रांग नाही. एक जागा भरत असलेल्या फ्रेमला, एक भरून झालेल्या ताज्या फ्रेमला. पडद्याने मागितलं की ताजी द्यायची, आणि तोवर नवी आली तर हातातली फेकायची, विचार न करता. फ्रेम्स गळतील, गळू देत. आणि चित्र जरासंही जुनं झालं तर पडदा काळा होईल. आंधळा पडदा बरा, खोटं बोलणारा नको. लिहिताना प्रत्येक वेळी फेकायची ओळ आली की आत्या मागे उभी असल्यासारखं वाटतं.

चौकशीला मी येणार आहे. त्यांनी नाही म्हटलं तरी गेटवर उभी राहीन.

आणि यापुढे आपल्या दोघांचाही एकच नियम. माझी दोन पत्रं एकदम मिळाली तर शेवटचं आधी उघडायचं. आधीचं वाचायचंच नाही, फेकून द्यायचं.

अंजली


महाळुंगे
२ फेब्रुवारी

अंजे,

परवाच्या चौकशीबद्दल तुला सांगण्यासारखं काही नाही, तू तिथेच होतीस. पण तू निघून गेल्यावर काय झालं ते ऐक.

तू ते भिंतीवरचं घड्याळ खड्ड्यात टेकवलंस, पान उघडलंस, बंद केलंस आणि सुजित साहेबांना म्हणालीस, आता खड्ड्यातलं घड्याळ बघा आणि पडद्यातलं बघा. ते दोनदा जाऊन बघून आले. नंतर केबिनमध्ये माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, भावा, त्या दिवशी मी इथे बसलो असतो तर मीही सोडली असती. मला कामावर घेतलंय. तुझा नवा ड्रायव्हर बसला, पण साहेबांनी खुणा करणारा माणूसही परत काठावर आणलाय. गणराजचं प्लॅस्टर निघालं की ती जागा त्याची. त्याला दवाखान्यातून घरी सोडायला मी गेलो होतो. त्याच्या बायकोने चहा दिला. बोलली नाही, पण साखर विचारली.

आता तुझा नियम. चौकशीच्या आदल्या दिवशी चिमाजीने तुझी दोन पत्रं एकदम आणून दिली. मी शेवटचं उघडलं, त्यात ‘मी घड्याळ घेऊन येते आहे, तू गेटवर थांब’ एवढंच होतं. दुसरं, आधीचं, चांगलं जाडजूड होतं. हातात घेतलं, पण म्हटलं एकदा शहाणपण आलंय तर ते पाळू. न उघडता बंबाच्या जळणात टाकलं. काय होतं त्यात? काही कामाचं नव्हतं ना?

प्रितमदादा


संत तुकाराम नगर
४ फेब्रुवारी

दादा,

मॅडमनी काल सही केली. आम्ही जिथे जिथे हा कॅमेरा दिलाय तिथे सगळीकडे नवा ड्रायव्हर जाईल. माझ्याशी अजून ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच बोलतात, पण त्या सहीचं मी कौतुक करते.

त्या पत्रात कामाचं काही नव्हतं. त्यात मी तुझी माफी मागितली होती. लहानपणापासून तुझ्याशी इतकी भांडले, पण माफी कधी मागितली नव्हती, त्यामुळे कशी लिहायची तेच येईना. बरेच कागद फाडले. तुला चष्मा लाव म्हणाले त्याबद्दल होती. ‘बिनधास्त काम कर’ या तीन शब्दांबद्दल होती, ते मला झोपू देत नाहीत. आणि दुसरं पत्र चिमाजीच्या घरी देऊन मी परत फिरले, रिक्षा करून महाळुंग्याला का आले नाही, मॅडमला का घाबरले, याबद्दल होती. गणराजचा पाय त्या एका रिक्षाने वाचला असता. हे सगळं त्यात नीट लिहिलं होतं, इथे तसं जमत नाही.

तुझी चूक नाही. नियम माझाच. फेकलेली फ्रेम परत येत नाही, हे मला तुझ्या आधी माहीत होतं. पुन्हा लिहिणार नाही, एकदाच जमलं होतं.

गणराजच्या पायाचं कळवत राहा.

अंजली


महाळुंगे
६ फेब्रुवारी

अंजे पोरी,

जय भीम. तुझी आत्या.

प्रितम तुझं पत्र वाचून बंबाकडं पळाला, राखंत हात घालून बसला. मी म्हनलं, काय हुडकतोस? त्यो कागूद व्हय? त्यो तर मी त्याच दिशी जळनातनं काढला. माझ्या घरात लिव्हलेला कागूद जाळत न्हाईत. मसाल्याच्या डब्याखाली ठेवलाय. न उघडताच ठेवला, तुझी आन.

काडून दिला. पायरीवर बसून वाचला. मंग परत पहिल्यापासनं वाचला. मी म्हनलं, शिळा हाय तो, टाकून दे. तर माझ्याकडं बघून हसला, डोळं पुसलं आन खिशात ठेवला. तसाच गनराजकडं घेऊन गेला, त्यालाबी वाचून दावतो म्हनला. आल्यावर पोटभर जेवला. ताजी चपाती वाढली, कालच्या व्हत्या त्या गाईला घातल्या. चुकल्यासारखं वाटलं, पर घातल्या.

जेवून झाल्यावर त्यानं मोबाइल काढला आन तुझा लंबर उघडला. मी बघितलंय. आज त्याची सुट्टी हाय. सांजच्याला फोन कर, त्यो उचलंल. आधी त्याला बोलू दे.

तुझी आत्या